जीआरएची श्वानमैदानं: बेल व्ह्यूपासून ऑक्सफर्डपर्यंत

ग्रेहाउंड रेसिंग असोसिएशन, म्हणजे जीआरए, ही ब्रिटनमध्ये ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती भरवणारी संस्था. तिच्या शेवटच्या काळातल्या यादीतलं एकच मैदान आज तिकीट काढून बघता येतं, ते ऑक्सफर्डचं. बाकी ठिकाणी घरं आहेत, सुपरमार्केट आहे, कचेऱ्या आहेत, एके ठिकाणी फुटबॉलचं स्टेडियम आहे. तरी हे परीक्षण पूर्ण संस्थेचं करायला हवं, कारण इंग्लंडमध्ये आज कुठल्याही मैदानावर कुत्र्यांची शर्यत बघायला गेलात तर तिथला जवळजवळ प्रत्येक रिवाज या संस्थेनं बसवलेला किंवा रुळवलेला आहे. लंडन, स्लाउ, बर्मिंगहॅमकडच्या मराठी मंडळींना ऑफिसच्या पार्टीनिमित्त कधीतरी 'डॉग्ज'चं आमंत्रण येतं. तिथे नेमकं काय बघायचं, पैसे कुठे वाया जातात आणि कुत्र्यांचं काय होतं, हे आधी कळलेलं बरं.

सुरुवात मँचेस्टरपासून. त्याआधी ग्रेहाउंडची शर्यत म्हणजे 'कोर्सिंग': मोकळ्या रानात जिवंत ससा आणि त्यामागे दोन कुत्रे. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकी माणसानं रुळावरून पळणारा यांत्रिक ससा तयार केला आणि 1919 साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्यामागे कुत्रे पळवले. चार्ल्स मन हा अमेरिकी व्यापारी ती कल्पना घेऊन इंग्लंडला आला. त्याला साथ मिळाली ती कॅनडात जन्मलेले ब्रिगेडियर जनरल आल्फ्रेड क्रिचली, मेजर लाइन डिक्सन आणि सर विल्यम जेंटल यांची. 24 जुलै 1926 ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला त्यांच्या जीआरएचा पहिला खेळ झाला. सतराशेच्या आसपास माणसं आली, सहा शर्यती झाल्या. पहिली शर्यत मिस्टली नावाच्या कुत्र्यानं जिंकली, 440 यार्ड 25 सेकंदांत. पहिल्या रात्रीची गर्दी पाहून आयोजकांच्या पोटात गोळा आला असणार, पण तो हंगाम संपेपर्यंत हजारोंनी लोक येऊ लागले आणि पुढच्या वर्षी देशभर मैदानं उभी राहिली.

हे इतक्या झपाट्यानं का पसरलं, याचं उत्तर साध्या गणितात आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिकेत आठ शर्यती असत आणि एक शर्यत सुमारे तीस सेकंदांची. म्हणजे दोन तासांच्या संध्याकाळीत प्रत्यक्ष धावणं फक्त चार मिनिटांचं. उरलेला वेळ म्हणजेच खरी सेवा: कुत्र्यांची फेरी बघणं, पत्रिका वाचणं, पैसे लावायच्या खिडकीवर रांग लावणं, खाणंपिणं, मागच्या शर्यतीवर हुज्जत. घोड्यांच्या शर्यती दिवसा आणि गावाबाहेर, त्यासाठी गिरणीकामगाराला खाडा करावा लागे. कुत्र्यांच्या शर्यती दिव्यांच्या उजेडात, ट्रामच्या रस्त्यावर, कामावरून सुटल्यावर. जीआरएनं हे पहिल्याच वर्षी ओळखलं आणि मैदानं निवडताना कायम शहरातली, स्टेशनाजवळची जागा धरली. हाच निर्णय पुढे त्यांच्या मुळावर आला, पण त्याचा हिशेब पुढे येतोच.

बेल व्ह्यू या कामासाठीच बांधलेलं ब्रिटनमधलं पहिलं मैदान. ते 2020 पर्यंत चाललं, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं. एवढ्या काळात मालकी, धावपट्टी, ससा सगळं बदललं, तरी प्रेक्षक आणि धावपट्टी यांतलं अंतर कमी होतं, हे त्याचं बळ शेवटपर्यंत टिकलं. कुत्रा वळणावर झुकतो तेव्हा पंज्याखालून उडणारी वाळू जिथून दिसते ते मैदान चांगलं, असा आमचा निकष आहे. या निकषावर बेल व्ह्यू वरच्या रांगेत.

व्हाइट सिटीचं वैभव वेगळं होतं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकसाठी बांधलेलं हे प्रचंड स्टेडियम नंतर ओस पडलं होतं. जीआरएनं ते घेतलं आणि 20 जून 1927 ला तिथे कुत्रे धावले. त्याच वर्षी तिथे पहिली ग्रेहाउंड डर्बी, म्हणजे वर्षातली सर्वांत मानाची शर्यत, झाली. ती एन्ट्री बॅज या कुत्र्यानं जिंकली. दोन वर्षांनी आयर्लंडमधल्या एका पाद्र्यानं पाळलेला मिक द मिलर आला. 1929 च्या डर्बीत त्यानं 525 यार्ड 29.82 सेकंदांत पार केले. तीस सेकंदांच्या आतली ती पहिली नोंद. 1929 आणि 1930 अशा सलग दोन डर्बी त्यानं मारल्या. 1931 च्या अंतिम शर्यतीतही रेषा आधी त्यानंच ओलांडली, पण रायलंड आर. या कुत्र्यानं वाटेत दुसऱ्यावर तोंड टाकल्यामुळे शर्यत रद्द ठरली. पुन्हा पळवल्यावर सेल्डम लेड जिंकला. प्रेक्षक संतापले, तरी नियमाप्रमाणे निर्णय बरोबरच होता: एका कुत्र्यानं शर्यत बिघडवली तर सगळ्यांचे पैसे समान न्यायानं परत. मिक मेल्यावर त्याला पेंढा भरून जतन केलं. ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शाखेत तो आजही उभा आहे. लंडनपासून दिवसाभरात जाऊन येण्यासारखं ठिकाण आहे, मुलांनाही आवडेल.

व्हाइट सिटीची वळणं ऐसपैस होती, त्यामुळे लांब टांगेचा कुत्रा तिथे खुलायचा. दोष एकच, मैदान इतकं मोठं की वरच्या पायऱ्यांवरून कुत्रे मुंग्यांसारखे दिसत. डर्बीच्या रात्री ते भरे, एरवी गर्दी विरळ वाटे. एक गंमत मात्र नोंदवायलाच हवी. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकातला उरुग्वे आणि फ्रान्सचा सामना वेम्ब्लीऐवजी व्हाइट सिटीला खेळवावा लागला, कारण त्या शुक्रवारी वेम्ब्लीवर कुत्र्यांच्या शर्यती ठरलेल्या होत्या आणि त्या पुढे ढकलायला तिथले लोक तयार नव्हते. कुत्र्यांच्या धंद्याचं वजन त्या काळात किती होतं, ते यावरून कळतं.

हॅरिंगे हे जीआरएचं उत्तर लंडनचं मैदान, 1927 सालचंच. तिथली खरी कमाल पटाच्या, म्हणजे धावपट्टीच्या, बाहेर होती: 1930 मध्ये बसवलेलं ज्युलियस टोटलायझेटर. ऑस्ट्रेलियातले इंजिनिअर जॉर्ज ज्युलियस यांनी घडवलेलं हे विजेवर आणि दातेरी चाकांवर चालणारं अजस्र यंत्र. प्रत्येक खिडकीवर तिकीट फाटलं की त्या कुत्र्यावरचे पैसे आपोआप मोजले जात आणि एकूण रक्कम फलकावर दिसे. संगणकाच्या आधीचा हा संगणकच म्हणायचा. त्याचे भाग आता लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहेत. ज्याला यंत्रांची आवड आहे त्यानं ते जरूर बघावेत.

टोटलायझेटर, थोडक्यात टोट, म्हणजे काय, हे महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेल्याला सांगायला नको. सगळ्यांचे पैसे एका पेटीत, संयोजक आपली ठरलेली टक्केवारी कापतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. बुकीकडे मात्र पैसे लावताना जो भाव मिळाला तो पक्का. इंग्लंडच्या श्वानमैदानावर सहा कुत्रे धावतात आणि तिकिटं अशी: 'विन' म्हणजे पहिला, 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोनांत. 'फोरकास्ट' म्हणजे पहिला आणि दुसरा याच क्रमानं. 'रिव्हर्स फोरकास्ट'मध्ये तेच दोघं कुठल्याही क्रमानं चालतात, पण आपल्याकडच्या क्विनेलासारखं ते एका तिकिटाच्या पैशात होत नाही. ती दोन तिकिटं धरली जातात आणि पैसे दुप्पट जातात. नवखा माणूस इथे हमखास फसतो. दोन पौंडांचं रिव्हर्स मागितलं की खिडकीवर चार पौंड द्यावे लागतात. पहिले तीन क्रमानं सांगायचे तो आपला टनाला, तिथे ट्रायकास्ट किंवा टोटवर ट्रायफेक्टा. सहा कुत्र्यांत फोरकास्टच्या 30 शक्यता असतात आणि ट्रायकास्टच्या 120. 'सगळे क्रम लावून टाकू' असं ज्याला वाटतं त्यानं आधी हा आकडा आपल्या पैशानं गुणून बघावा. टोटमधून कपात होऊनच वाटप होतं, त्यामुळे सगळं लावणारा सरासरीनं हरतोच. संध्याकाळची मजा घ्यायची असेल तर तिकिटांसाठी एक रक्कम घरूनच वेगळी काढावी आणि ती संपली की फक्त शर्यत बघावी.

टोटला कायद्याचा पक्का आधार मिळाला तो 1934 च्या बेटिंग अँड लॉटरीज कायद्यानं. त्यानंच एका मैदानावर वर्षाला 104 दिवसांची मर्यादा घातली, म्हणजे आठवड्याला सरासरी दोन. जीआरएच्या हिशेबात टोट हाच कणा होता. दारावरच्या तिकिटातून दिवे आणि गवत सांभाळलं जाई, नफा खिडकीवरून येई.

नियमांबाबत मात्र या धंद्यानं चांगलं काम केलं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. 1928 मध्ये नॅशनल ग्रेहाउंड रेसिंग क्लब स्थापन झाला. 2009 पासून त्याचं काम ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटनकडे आहे. कुत्रा मैदानावर आला की त्याची ओळख तपासली जाते: कानातलं गोंदण, आता मायक्रोचिप, आणि अंगावरच्या खुणांची नोंदवही, अगदी नखांच्या रंगापर्यंत. मग वजन. मागच्या धावेपेक्षा एक किलोहून जास्त फरक असेल तर कुत्रा बाद. पशुवैद्याची तपासणी होते आणि मग शर्यतीपर्यंत कुत्रा कुलूपबंद खोलीत राहतो, मालकालाही तिथे प्रवेश नाही. ही सगळी व्यवस्था कुत्रा बदलणं आणि शर्यतीआधी त्याला काही खायला घालून मंद करणं, या दोन जुन्या लबाड्यांमुळे आली. वजनाचा नियम विशेष चांगला आहे. तीस किलोच्या प्राण्यात एक किलोचा फरक दिसला तर काहीतरी बिनसलंय, हे आकड्यातच कळतं.

पत्रिका वाचणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकलं तर दोन तास कसे गेले ते कळत नाही. कुत्र्यांच्या अंगरख्यांचे रंग सुटायच्या पिंजऱ्याच्या क्रमांकाप्रमाणे ठरलेले: 1 लाल, 2 निळा, 3 पांढरा, 4 काळा, 5 नारिंगी, 6 काळेपांढरे पट्टे. नावापुढे 'डब्ल्यू' असेल तर तो बाहेरून पळणारा, 'एम' असेल तर मधून, काहीच नसेल तर आतल्या कठड्याकडून. कठड्याकडच्या कुत्र्यांना आतले पिंजरे, बाहेरच्यांना बाहेरचे. 'ए' आणि आकडा म्हणजे प्रत. 'ए1' सर्वांत वरची, आकडा वाढत गेला की प्रत उतरत जाते. 'डी' जवळच्या अंतराची, 'एस' लांबच्या, 'एच' अडथळ्यांची, 'ओआर' खुली. जिंकला की कुत्रा वरच्या प्रतीत ढकलला जातो, हरत राहिला की खाली. म्हणून मागच्या पाच धावांत शेवटी आलेला कुत्रा आज खालच्या प्रतीत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

वेळ वाचताना सर्वांत मोठी चूक ही की लोक नुसती घड्याळातली वेळ बघतात. त्या दिवशी पट किती जड होता याचा आकडा शेजारी असतो. 'एन' म्हणजे नेहमीसारखा, उणे 20 म्हणजे पट 0.20 सेकंदांनी मंद, अधिक 10 म्हणजे 0.10 सेकंदांनी वेगवान. 480 मीटर 28.90 सेकंदांत आणि पट उणे 20 असेल तर हिशेबाची वेळ 28.70. त्याच शर्यतीत अडीच लांबी मागे आलेल्या कुत्र्याची वेळ कशी काढायची? एका कुत्र्याची लांबी 0.08 सेकंद धरतात, म्हणजे अडीच लांब्या 0.20. घड्याळात 29.10, हिशेबात 28.90. हे एवढं जमलं की वेगवेगळ्या रात्रींच्या धावा एकमेकींशी जोडता येतात. त्यानंतर पहिल्या टप्प्याची वेळ बघावी, म्हणजे पिंजऱ्यातून सुटून रेषेवरून पहिल्यांदा जाईपर्यंत लागलेली. बऱ्याच मैदानांवर ती चार-पाच सेकंदांच्या आसपास असते आणि त्यातला दहा शतांशाचा फरकही मोठा. पहिल्या वळणावर जो पुढे असतो त्याच्या वाटेत कुणी नसतं, त्यामुळे कागदावर किंचित मंद पण लवकर सुटणारा कुत्रा वेगवानाला वारंवार हरवतो. शेऱ्यांमध्ये 'एसएडब्ल्यू' म्हणजे उशिरा सुटला, 'क्राउडेड' म्हणजे कोंडला गेला. सतत कोंडला जाणारा कुत्रा दुर्दैवी असेलच असं नाही, बहुतेकदा तो वळणावर आपली रेघ सोडतो आणि स्वतःच अडकतो.

सशाबद्दल थोडक्यात. जुन्या काळी कठड्यावरून, आतून किंवा बाहेरून जाणारा सम्नर बनावटीचा ससा असे. आता बहुतेक ठिकाणी जमिनीलगत बाहेरच्या बाजूनं जाणारा स्वाफहॅम. बाहेरचा ससा असला की कुत्रे वळणावर किंचित बाहेर ओढले जातात आणि आतली गर्दी थोडी विरळ होते. चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. ससा फार पुढे गेला तर मागच्या कुत्र्यांना तो दिसत नाही आणि ते एकमेकांकडे बघू लागतात. फार जवळ आला तर पहिल्याचा ताल मोडतो. ससा मध्येच थांबला तर शर्यत रद्द, पैसे परत. म्हणून निकाल अधिकृत जाहीर होईपर्यंत तिकीट फाडू नये.

आता धावपट्टी. जीआरएच्या कामगिरीत सर्वांत कसून तपासावी अशी ही गोष्ट, कारण इथे चूक झाली तर किंमत कुत्रा मोजतो. सुरुवातीची सगळी मैदानं गवताची होती. गवत दिसायला सुंदर, पण आठवड्यात दोनदा शर्यती आणि मध्ये सराव, त्यात इंग्लंडचा पाऊस. वळणाच्या आतल्या बाजूला गवत उखडून चिखल होई, हिवाळ्यात दगडासारखं गोठे. 1970 च्या दशकापासून मैदानं वाळूकडे वळली. वाळूवर पाणी मारता येतं, दाताळं फिरवून ती मोकळी करता येते, गोठू नये म्हणून मीठ घालता येतं, शर्यतीच्या मधल्या वेळात वळण पुन्हा सारखं करता येतं. पण वाळू म्हणजे कमी देखभाल, असा समज करून घेतला की घात झालाच. ओलावा कमी पडला तर वरचा थर सरकतो आणि पंजा निसटतो. पाणी जास्त झालं तर खालचा थर दबून कडक होतो आणि धक्का थेट हाडात जातो. सरळ भागात आणि वळणावर थराची जाडी वेगवेगळी राहिली तर कुत्रा साठ किलोमीटरच्या वेगात एका टणक जागेवरून मऊ जागेवर येतो. त्याला ते आधी कळायचा मार्ग नाही.

दुखापत कुठे होते ते ठरलेलं आहे. शर्यती घड्याळाच्या उलट दिशेनं धावतात, म्हणजे सगळी वळणं डावीकडे. वळताना बाहेरच्या उजव्या मागच्या पायावर सर्वाधिक भार येतो आणि तिथल्या घोट्याच्या सांध्यातलं मधलं हाड पुन्हा पुन्हा दबून अखेर मोडतं. दुसरं कारण धडक. सुटल्यापासून पहिलं वळण किती अंतरावर आहे, यावर ती अवलंबून असते. अंतर पुरेसं असेल तर कुत्रे मागेपुढे होऊन वळणावर येतात. कमी असेल तर सहाही एकाच वेळी तिथे पोचतात. वळणाला बाहेरच्या बाजूनं पुरेसा उंचवटा नसेल तर बाहेरचा कुत्रा आणखी बाहेर फेकला जातो. शहरातल्या दाटीच्या जागा घ्यायच्या हे धोरण इथे भोवलं. फुटबॉलच्या मैदानाभोवती किंवा दोन रस्त्यांच्या मध्ये बसवलेली धावपट्टी आखूड आणि तीव्र वळणांची होणारच. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिजवरही 1968 पर्यंत कुत्रे फुटबॉल मैदानाभोवतीच पळत. प्रेक्षकाला अशी मैदानं आवडतात, सगळं नाकासमोर दिसतं. कुत्र्याच्या पायांना ती परवडत नाहीत.

दक्षिण लंडनचं कॅटफर्ड याच जातीचं. दोन रेल्वेमार्गांच्या बेचक्यात, स्टेशनाला खेटून. पोचायला याच्याइतकं सोयीचं मैदान दुसरं नव्हतं आणि शनिवारी रात्री तिथला माहोलही तसाच. 2003 च्या नोव्हेंबरात ते अचानक बंद झालं. बर्मिंगहॅमचं हॉल ग्रीन 1927 पासून जीआरएचं, 480 मीटरच्या ब्लू रिबँडसारख्या मोठ्या शर्यतींचं घर, काचेआडच्या टेबलांवर जेवत शर्यत बघायची सोय असलेलं. ते 2017 च्या जुलैत गेलं. एडिनबरोचं पावडरहॉल 1995 मध्ये.

विम्बल्डन मुळात जीआरएचं नव्हतं, पुढे त्यांच्याकडे आलं आणि शेवटी संस्थेचा चेहराच बनलं. व्हाइट सिटी 1984 मध्ये बंद झाल्यावर 1985 पासून डर्बी तिथे गेली आणि 2016 पर्यंत राहिली, 480 मीटरवर. 2005 आणि 2006 ची डर्बी मारणारा वेस्टमीड हॉक तिथलाच. तो उशिरा सुटायचा, शेवटच्या वळणापर्यंत मागे असायचा आणि मग बाहेरून सगळ्यांना गाठायचा. अशा कुत्र्यासाठी मोकळं अखेरचं वळण लागतं आणि विम्बल्डनला ते होतं. मेणाच्या पुतळ्यांच्या मादाम तुसाँमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. विम्बल्डनची धावपट्टी आणि पत्रिका उत्तम, इमारत मात्र शेवटच्या दहा वर्षांत डोळ्यांदेखत जुनी होत गेली. जिथे पाच वर्षांनी घरं बांधायची आहेत तिथे छपराची डागडुजी कोण करणार? 25 मार्च 2017 ला शेवटचा खेळ झाला.

आता तो हिशेब. 1946 मध्ये, युद्ध नुकतंच संपलेलं आणि करमणुकीची दुसरी साधनं नसताना, श्वानमैदानं ओसंडून वाहत होती. 1948 पासून सरकारनं मैदानांवरच्या टोटवर दहा टक्के कर बसवला, घोड्यांच्या टोटवर मात्र नाही. टोटमधलं वाटप घटलं आणि पंटर बुकींकडे वळला. 1961 च्या मे महिन्यात रस्त्यांवर बेटिंगची दुकानं कायदेशीर झाली, तेव्हा पैसे लावायला मैदानावर यायचं कारणच उरलं नाही. 1967 पासून बुकींच्या सोयीसाठी दुपारच्या शर्यती सुरू झाल्या, त्यांचं निवेदन दुकानांत ऐकू जाई. मैदान चालू राहिलं, पण गिऱ्हाईक मैदानावर नव्हतं. रिकाम्या पायऱ्यांपुढे कुत्रे धावू लागले ते तेव्हापासून.

त्यात जीआरएनं जमिनीच्या धंद्यात उडी घेतली. नावातच 'प्रॉपर्टी ट्रस्ट' आलं. 1970 च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमधला जमिनीचा बाजार कोसळला तेव्हा कंपनी कर्जात रुतली आणि मैदानं विकून कर्ज फेडायची सवय लागली ती कायमची. व्हाइट सिटीच्या जागेवर बीबीसीची कचेरी झाली. हॅरिंगे 1987 मध्ये बंद झालं आणि जागा सेन्सबरी सुपरमार्केटला गेली. 2005 मध्ये जीआरएची तेव्हाची मालक वेम्ब्ली कंपनी हिनं ती सुमारे पाच कोटी पौंडांना विकली आणि घेणाऱ्यांत घरं बांधणारी कंपनी होती. एकेकाळी स्टेशनाजवळच्या जागा गोळा करणं ही या संस्थेची हुशारी होती. नव्वद वर्षांनी त्याच जागांची किंमत त्यांवरच्या धंद्याच्या कित्येक पट झाली. प्रेक्षक म्हणून या सेवेला आम्ही पाचांपैकी चार गुण देऊ. मैदान सांभाळण्याला दीड.

आणि कुत्र्यांना मिळालेल्या वागणुकीला, फार दिवसांपर्यंत, एकच. ग्रेहाउंड साधारण दीड वर्षाचा असताना धावू लागतो आणि चार-पाच वर्षांचा झाला की थांबतो. त्याचं आयुष्य मात्र बारा वर्षांच्या आसपासचं. उरलेली सात-आठ वर्षं कुणाची जबाबदारी? निवृत्त कुत्र्यांना घरं शोधणारी संस्था 1975 मध्ये निघाली, म्हणजे बेल व्ह्यूच्या पहिल्या शर्यतीनंतर एकोणपन्नास वर्षांनी. 2006 साली डरहम परगण्यातल्या सीहॅमला एक माणूस वर्षानुवर्षं निकामी ठरलेले कुत्रे मारून पुरत असल्याचं वर्तमानपत्रातून बाहेर आलं तेव्हा देश हादरला. 2010 च्या नियमांनी प्रत्येक खेळाला पशुवैद्य आणि प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची केली. 2018 पासून दुखापतींचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. 2020 पासून प्रत्येक कुत्र्यामागे 400 पौंडांची ठेव ठेवली जाऊ लागली, अर्धी मालकाची, अर्धी बोर्डाची, आणि ती घर मिळवून देणाऱ्या केंद्राला जाते. हे सगळं चांगलं आहे. तरीही 2024 मध्ये परवानाधारक मैदानांवर 3,809 दुखापती आणि 123 मृत्यू नोंदले गेले. धावांची एकूण संख्या साडेतीन लाखांच्या वर होती, त्यामुळे टक्केवारी लहान दिसते, पण 123 हा आकडा लहान नाही. वेल्स सरकारनं 2025 च्या फेब्रुवारीत शर्यतींवर बंदी आणण्याचं जाहीर केलं, न्यूझीलंडनं त्याच्या दोन महिने आधी. बैलगाडा शर्यतींचा वाद ज्यानं जवळून पाहिला आहे त्याला दोन्ही बाजूंचे मुद्दे ओळखीचे वाटतील. फरक इतकाच की गाड्याचा बैल शेतकऱ्याच्या दावणीला परत जातो, आणि ग्रेहाउंडची दावण करारावर असते.

तर ऑक्सफर्डला जायचं असेल तर. मैदान काउली भागात आहे, 1939 पासूनचं. 2012 च्या डिसेंबरात बंद झालं होतं, 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा उघडलं. धावपट्टी वाळूची, नेहमीचं अंतर 450 मीटर. तिथे स्पीडवेच्या मोटारसायकलीही धावतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवशी कुत्र्यांचीच शर्यत आहे ना, आणि ती प्रेक्षकांसाठी खुली आहे ना, हे फोन करून विचारावं. पहिल्या शर्यतीच्या अर्धा तास आधी पोचावं, पत्रिका घ्यावी आणि पहिल्या दोन शर्यतींत पैसे लावू नयेत. कुठल्या पिंजऱ्यातले कुत्रे वळणावर मोकळे सुटताहेत ते बघावं. आतल्या रेघेची वाळू जड झाली असेल तर त्या रात्री लाल आणि निळ्या अंगरख्याचे कुत्रे सारखे मागे पडतात, आणि ते पत्रिकेत कुठेच लिहिलेलं नसतं.

फेरीसाठी कुत्रे बाहेर येतात तेव्हा कठड्याजवळ उभं राहावं. दख्खनचा कारवान कुत्रा पाहिलेल्याला ही ठेवण ओळखीची वाटेल: खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब मान. चाल बघावी. चारही पाय सारखे टेकतात का, उजवा मागचा पाय जपून टाकतोय का. जो जपून टाकतो त्याच्यावर पैसे लावू नयेत. शर्यत संपल्यावरही लगेच खिडकीकडे धावू नये, कुत्रे थांबतात त्या वळणाकडे बघावं. सहाही आपल्या पायांनी परत आले का, ते मोजावं. आणि शर्यतींपेक्षा कुत्राच जास्त आवडला, असं झालं तर निवृत्त ग्रेहाउंड घरी आणता येतो. तो दिवसातला बराचसा वेळ झोपून काढतो, फ्लॅटमध्ये सुखानं राहतो, दोन छोट्या फेऱ्या त्याला पुरतात. फक्त बाहेर असताना पट्टा सोडायचा नाही. ससा दिसला की त्याला हाक ऐकू येत नाही. आणि थंडीत अंगावर काहीतरी घालावं, त्याच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच.